टीव्हीच्या पेटीतली पिलं

आई माझ्या सासरी पहिल्यांदा आली ती कोंबडा मागायला. माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती आणि त्या चार वर्षांत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

मी ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. एसटी थांब्यावरून येणाऱ्या वाटेने एक बाई येताना दिसली. चाल ओळखीची वाटली, पण माझा विश्वास बसेना. काष्टी लुगडं, डोक्यावर काही नाही, हातात बाजाराची पिशवी. आईला मी डोक्यावर मासळीची पाटी नसताना क्वचितच पाहिलं होतं. ती खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेला येऊन थांबली. पिशवीतून एका कोंबडीने डोकं बाहेर काढलं होतं.

"तुझ्याकडे आमच्या शेंडयेच्या वंशातलो कोंबो आसा मां?" आईने विचारलं.

कशी आहेस नाही, बरी आहेस ना नाही. मी सूप बाजूला ठेवून उभी राहिले आणि म्हणाले, "आसा. दोन आसत."

"मगे बघूक गावतीत?"

"बस तरी," मी म्हणाले. ती पायरीवर बसली. घरात मात्र आली नाही.

आमचं गाव मालवणजवळ समुद्राला लागून. बाबा दुसऱ्याच्या होडीवर जायचे, आई बाजारात मासे विकायची. बाबांचा एक ट्रान्झिस्टर होता, त्यावर ते हवामान ऐकायचे. तो खारट वाऱ्याने सारखा बिघडायचा. तो दुरुस्त करायला कट्टा गावचा एक मुलगा यायचा. त्याचं बसथांब्याजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. पुढे ट्रान्झिस्टर चांगला चालू असतानाही तो यायला लागला. नव्याण्णव साली आम्ही कचेरीत जाऊन सह्या करून लग्न केलं. तो आमच्या समाजातला नव्हता. त्याच्या घरचे शेतकरी, जन्मात होडीत न बसलेले. आईने मला उंबऱ्यावरून एवढंच सांगितलं होतं, "ह्येच्या फुडे माझ्या दारात पाय ठेवू नको." आणि आईचं बोलणं म्हणजे बोलणं. मी पाय ठेवला नाही.

बाबा मात्र यायचे. काहीतरी निमित्त काढून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, चहा घ्यायचे, चार मासे ठेवून जायचे. लग्नानंतर सहा महिन्यांनी ते आले तेव्हा त्यांच्या पाटीत ओल्या फडक्याखाली बांगडे होते आणि पाटीच्या एका कोपऱ्यात, सुक्या गवतात, चार पिलं होती. "आवशीक सांगा नको," ते म्हणाले. आईला सांगणार तरी कशी होते मी?

त्या पिलांच्या डोक्यावर चिमूटभर पिसांचा झुबका होता. आईच्या कोंबड्या सगळ्या तशाच होत्या. अंगाने बुटक्या, तपकिरी, आणि डोक्यावर शेंडी. आईच्या आईने तिला लग्नात एक जोडी दिली होती, तिचाच हा वंश. वाडीत लोक त्यांना शेंडयेची कोंबी म्हणायचे. शेंडी वाढून डोळ्यांवर आली की कोंबडीला वरून येणारी घार दिसत नाही, म्हणून आई महिन्यातून एकदा कात्री घेऊन बसायची आणि एकेकीला मांडीवर धरून तिची शेंडी कापायची. माझी वेणी घालताना तिने कधी एवढा वेळ दिल्याचं मला आठवत नाही.

तर ती आई माझ्या पायरीवर बसली होती. मी पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं. मग तिने काय झालं ते सांगितलं. पावसाच्या शेवटाला वाडीत मानमोडी आली. आज एक कोंबडी मान वाकडी करून बसते, उद्या तिच्या चार सोबतिणी. आठवड्याभरात वाडीतली खुराडी रिकामी झाली. आईच्या चौदा कोंबड्या गेल्या, कोंबडाही गेला. ही एक वाचली, कारण कुत्र्याने पाय धरल्यामुळे तिला आईने चुलीजवळ वेगळी बांधून ठेवली होती.

"म्हातारी झाली ही," आई म्हणाली. "अंडी घालता अजून. पण कोंबो नाय वाडयेत. म्हटलां, हिच्यासून चार पिलां झाली तर झाली. नायतर संपलां."

संपलं म्हणताना तिने पिशवीवर हात ठेवला. मी कोंबड्यांना बोलावलं, मूठभर तांदूळ खळ्यात टाकले.

बाबांनी आणलेल्या चारांपैकी दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, जगल्या होत्या. त्यांना शेजाऱ्यांच्या लाल कोंबड्यापासून पिलं झाली, त्यातले हे दोन कोंबडे. एक मोठा, देखणा, भरगच्च शेंडीचा. तो चालायला लागला की शेजारची माणसंही बघत राहायची. दुसरा बारका, शेंडी म्हणावी तर होती, नाही म्हणावी तर नव्हती. मला वाटलं आई मोठ्याला उचलेल.

पण तिने माझ्याकडून तांदळाची वाटी मागून घेतली आणि दोन-चार दाणे टाकत नुसती बघत राहिली. सकाळची दहाची वेळ होती. बाराची गाडी गेल्याचा आवाज आला तरी ती तिथेच होती. मध्येच तिने विचारलं, "हेंची आवस खंयची?"

"बाबांनी हाडलेली ती," माझ्या तोंडून निघून गेलं.

"म्हायत आसा माका," आई म्हणाली. "चार पिलां काय घारीन न्हेल्यान नाय, इतकां कळता." मग तिने बोटांवर हिशेब केला. बाबांनी नेलेली पिलं या म्हातारीच्या बहिणीची. म्हणजे माझ्या कोंबड्या तिच्या भाच्या, आणि हे कोंबडे भाच्यांचे मुलगे. "इतक्या जवळचा चलणा नाय खरां तर. पिलां पांगळी जातत. पण बापूस खंयचो ह्येंचो?"

"शेजाऱ्यांचो. लाल, बिनशेंडयेचो."

"म्हणजे भायलो."

"होय. भायलो."

आई खळ्यातल्या दाण्यांकडे बघत म्हणाली, "भायलां रगात आसलां तर बरांच. पिलां सरळ पायांची जातत."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी सूप पुन्हा पुढे ओढलं आणि निवडून झालेलेच तांदूळ परत निवडले.

शेवटी तिने बोट दाखवलं ते बारक्याकडे. मी म्हटलं, "गो आई, तो? तेका शेंडी तरी खंय आसा?"

"शेंडी हिची आसा. तेची नको," ती म्हणाली. "मोठो बघितलंस? दाणो पडलो की आधी आपण खाता. ह्यो बघ." तिने एक दाणा टाकला. बारक्याने तो चोचीत धरला, खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला आणि घशात कुरकुर आवाज करून कोंबड्यांना बोलावलं. त्या येऊन खाईपर्यंत तो बाजूला उभा. "असलो कोंबो कोंबयेक त्रास देणा नाय. म्हातारी आसा ती."

हे सगळं ठरलं, पण खरी अडचण पुढेच होती. म्हातारी अंडी घालायची, उबवायला बसायची नाही. "दोन वर्सां झाली, रवणीक बसणा नाय ती," आई म्हणाली. वाडीत दुसऱ्या कोणाची कोंबडी उरली नव्हती. माझ्या कोंबड्यांपैकी तेव्हा एकही खुडूक नव्हती.

तेवढ्यात नवरा जेवायला दुकानातून घरी आला. पायरीवर आईला बघून तो वाटेतच थबकला. मग चप्पल काढून, खाली वाकून त्याने तिच्या पायांना हात लावला. आईने पाय मागे घेतले नाहीत. आशीर्वादही दिला नाही. मी त्याला घाईघाईने सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "माझ्याकडे पेटी आसा मां."

ती पेटी म्हणजे एक जुना टीव्ही. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकत्या फळ्यांचं दार असलेला. गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला आणि परत कधी नेलाच नाही. नवऱ्याने आतलं सगळं काढून टाकलं, चित्र दिसायचं तिथे साधी काच बसवली, आत दोन बल्ब, एका जुन्या अॅम्प्लिफायरमधला छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. उष्णता वाढली की बल्ब आपोआप बंद व्हायचे आणि कमी झाली की लागायचे. ते यंत्र त्याने स्वतः जोडलं होतं, त्याचा टक असा आवाज यायचा. पहिल्या खेपेला त्याने त्यात बारा अंडी चक्क उकडली होती. दुसऱ्या खेपेला पाच पिलं निघाली आणि आठवडाभर तो दुकानात येईल त्याला तेच सांगत होता.

आईने खिडकीतून पेटी पाहिली. "टीव्हीत पिलां?" ती मला म्हणाली. त्याला नाही, मला.

"होतत गो. मी बघितलंय."

तिने म्हातारीला पिशवीतून काढून माझ्या हातात दिलं. कोंबडीचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. "पाय दुखता तिचो. उंच चढूक देव नको," एवढं सांगून ती दोनची गाडी पकडायला गेली. जेवली नाही.

पुढच्या आठवड्यापासून आईने कट्ट्याच्या बाजारात मासे आणायला सुरुवात केली. एवढ्या लांब पाटी घेऊन यायचं तिला काही कारण नव्हतं, मालवणचा बाजार तिच्या पायाशी होता. बाजार आटपला की ती खळ्यात यायची, डालग्याखाली ठेवलेली म्हातारी आणि बारका बघायची, म्हातारीच्या पायाला हळद-तेल लावायची आणि जायची. येताना थोडे पेडवे किंवा तारले पायरीवर ठेवायची. "उरले," म्हणायची. उरलेले मासे एवढे ताजे कधी नसतात, हे कोळणीच्या मुलीला कोणी सांगायला नको.

दोन आठवड्यांत म्हातारीने सात अंडी घातली. मी ती तांदळाच्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून जपली. बाजाराच्या दिवशी आई आली तेव्हा ती पेटीत ठेवायची ठरलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा घरात आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, मग पदर सावरून आत आली, कोणाकडे तरी कामाला आल्यासारखी.

नवऱ्याने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे फिरवायचं लक्षात राहतं. अंडी आत ठेवली आईनेच. नंतर तिने कनवटीतून एक गंजका खिळा काढला आणि अंड्यांच्या बाजूला ठेवला. गडगडाट झाला तर अंडी खराब होऊ नयेत म्हणून आमच्याकडे रवणीत लोखंड ठेवतात. मी नवऱ्याकडे बघितलं. आपल्या यंत्राला दुसऱ्याचं बोट लागलेलंही त्याला चालत नसे. तो म्हणाला, "थंय नको, पंख्याक लागात. हंयसर ठेवया." आणि त्याने तो खिळा हलकेच उचलून दुसऱ्या कोपऱ्यात, सुरक्षित ठेवला. आईने ते पाहिलं.

सातव्या दिवशी आम्ही अंडी तपासली. भरदुपारी माजघराची दारं-खिडक्या लावून अंधार केला आणि नवऱ्याने पुठ्ठ्याच्या नळीत बॅटरी बसवून एकेक अंडं उजेडावर धरलं. पहिलं रिकामं, नुसतं पिवळट. तिसरंही तसंच. बाकी पाचांत तांबड्या शिरांचं जाळं दिसत होतं आणि मधोमध एक ठिपका. आईने जन्मभर कोंबड्या रवणीला बसवल्या होत्या, पण अंड्याच्या आत काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. ती पुढे झुकली. ठिपका थरथरत होता.

"हलता गो," ती म्हणाली.

"काळीज तां," नवरा म्हणाला.

"इतक्यात?"

"तिसऱ्या-चौथ्या दिसाकच सुरू जाता."

आईने ते अंडं त्याच्या हातातून घेतलं आणि तो उजेड धरून उभा राहिला. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. अंडं थंड होईल म्हणून मी सांगणार होते, पण नवऱ्याने मला मानेने नको म्हटलं.

चौदाव्या दिवशी घात झाला. परतीच्या पावसाचे दिवस. सकाळपासून उकडत होतं, आई बाजार आटपून नुकतीच आली होती, आणि दुपारी तीनच्या सुमारास ढग फुटल्यासारखा पाऊस आला. कडाड् करून कुठेतरी वीज पडली आणि घरातली वीज गेली. पेटीतले बल्ब विझले, पंखा थांबला. नवरा दुकानातून भिजत गाडीची जुनी बॅटरी घेऊन धावत आला आणि त्याने तिच्यावर एक छोटा दिवा जोडला. तेवढ्याने पुरेना. थर्मामीटरचा पारा उतरायला लागला.

आईने पेटीचं दार सरकवलं, एक अंडं काढलं आणि मिटलेल्या डोळ्यावर टेकवलं. "निवला," ती म्हणाली.

"किती आसात?" नवऱ्याने मला विचारलं. मी थर्मामीटर बघून सांगितलं, शहाण्णव. हवं होतं शंभर.

"चुलीर पाणी ठेव," आई मला म्हणाली. मी पाणी तापवलं. तिने बाटल्या मागितल्या, त्यात गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून पेटीत चारी बाजूंनी लावल्या, वरून माझी गोधडी पांघरली. थोड्या वेळाने परत अंडं डोळ्याला लावलं. नवऱ्याने थर्मामीटर पाहिला.

"आता?" त्याने विचारलं. या वेळी थेट तिलाच.

"आता जरा जास्त जाला. एक बाटली काड."

"एकशेदोन," तो थर्मामीटरवरून वाचून म्हणाला आणि एक बाटली काढली. आईने पुन्हा अंडं डोळ्याला लावलं की तो आधी तिचं ऐकायचा आणि मग पारा बघायचा. दर वेळी दोन्ही जुळायचं. त्याला त्याचं एवढं नवल वाटलं की तो अंडं स्वतःच्या डोळ्याला लावून बघायला लागला. "माका कळणा नाय," तो म्हणाला. आई म्हणाली, "पापणी मिट. डोळो उघडो ठेवन कसां कळतला?" आणि तिने त्याचा हात धरून अंडं त्याच्या मिटल्या पापणीवर नीट टेकवलं.

शेवटची गाडी केव्हाच निघून गेली होती. आई आमच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आली तेव्हा आम्ही तिघंही पेटीसमोर बसलेलो होतो. बल्ब लागले, टक आवाज झाला, आणि आई उठून म्हणाली, "माझी पाटी खंय आसा?" तिच्या अंगावर माझी साडी होती, कारण रात्री बाटल्या भरताना भिजलेलं तिचं लुगडं वाळलं नव्हतं. ती तशीच गेली. ती साडी तिने परत दिली नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी दोन अंड्यांना भेगा पडल्या. आतून चिवचिव ऐकू येत होती. आई पहिल्या गाडीनेच आली, त्या दिवशी बाजाराला गेलीच नाही. तिने आणि नवऱ्याने टीव्हीसमोर बस्तान मांडलं. शेजारच्या बायका येऊन काचेतून डोकावून जात होत्या. एक म्हणाली, "आज खंयची मालिका?" सगळे हसले, आईसुद्धा.

दहाच्या सुमारास पहिलं पिलू कवच ढकलून बाहेर पडलं. ओलं, मान टाकलेलं, कुरूप. दोन तासांत ते वाळलं आणि फुललं, आणि त्याच्या डोक्यावर झुबका उभा राहिला. आईने काचेला बोट लावलं. "शेंडी आसा," ती म्हणाली. तिने तोंड वळवून पदराने डोळे पुसले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिने झटकला नाही.

दुपारपर्यंत तीन पिलं झाली. दोघांना शेंडी, तिसऱ्याला नाही. चौथं अंडं फुटलंच नाही. नंतर उघडून पाहिलं तर आत पुरतं वाढलेलं पिलू मेलेलं होतं. पाचव्याला सकाळीच बारीक भोक पडलं होतं, पण पुढे काही होईना. चोच दिसायची, हलायची, थांबायची.

नवरा म्हणाला, "सोडवया काय?"

आई म्हणाली, "नको. जां आपसून येता तांच जगता."

त्याने हात मागे घेतला. पण दर पाच मिनिटांनी काचेला नाक लावायचा. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आतली चिवचिव क्षीण झाली. त्याने आईकडे पाहिलं. आई मग म्हणाली, "कोमट पाणी हाड गो. आणि कापूस."

तिने अंडं तळहातावर घेतलं आणि कापसाने थेंबथेंब पाणी सोडत, नखाने कवचाची एकेक खपली काढली. आतलं पातळ कातडं सुकून पिलाला चिकटलं होतं. नवरा बॅटरी धरून होता. तासाभराने पिलू मोकळं झालं. एक पाय आत वळलेला होता. डोक्यावर झुबका सगळ्यांत मोठा.

ते दोन दिवस जगलं. नवऱ्याने त्याला दुकानात नेलं, टेबलावरच्या दिव्याखाली खोक्यात ठेवलं, वळलेल्या पायाला पुठ्ठ्याची पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. त्याने ते माडाच्या बुंध्याशी पुरलं आणि घरात येऊन भिंतीला टेकून बसला. जेवायला हाक मारली तर उठेना. आई तोपर्यंत आमच्याकडेच होती, बाकीच्या पिलांना सोडून जायला तिचं मन घेत नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते.

मला वाटलं, आता ती काहीतरी लागेल असं बोलणार. तिने पान मांडलं, भात वाढला, तव्यावरचा भाजलेला बांगडा आधी त्याच्या पानात वाढला. पान त्याच्यासमोर ठेवून ती म्हणाली, "जावयानू, जेवा. उपाशी रवान तां परत येवचा नाय."

चार वर्षांत तिने त्याला कशानेच हाक मारली नव्हती. तो उठून पाटावर बसला आणि खाली मान घालून जेवला. मी चुलीशी तोंड करून बसले होते आणि धुराचं निमित्त करून रडत होते.

दोन महिन्यांत पिलं ओळखू येण्याइतकी वाढली. शेंडीवाल्या दोन्ही तलंगा निघाल्या, बिनशेंडीचा कोंबडा. आईने पुन्हा पायरीवर बसून विचार केला. कोंबडा इथेच राहू दे म्हणाली, भाऊबहीण एका खुराड्यात नकोत. दोन तलंगा, म्हातारी आणि बारका ती घेऊन जाणार होती. पिशव्या, डालगं, एवढं एकटीला कसं नेता येईल असं मी म्हटलं.

"एकटी कित्याक?" ती म्हणाली. "तुमी दोगा काय करतात?"

तसे आम्ही तिघं एसटीने निघालो. कंडक्टरने कोंबड्यांचं तिकीट मागितलं आणि आई त्याच्याशी मालवणपर्यंत भांडली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. वळणावरून समुद्र दिसला तेव्हा मी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. नवऱ्याच्या मांडीवर डालगं होतं. त्याने त्यावरचा एक हात काढून माझ्या हातावर ठेवला.

आम्ही वाडीत शिरलो तेव्हा बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, "हीच काय गो ती टीव्हीतली पिलां? मशिनीच्या कोंब्यांच्या अंड्याक काय चव आसतली?"

आई थांबली. "मशीन माझ्या जावयान केलेला आसा," ती म्हणाली. "तुका होयां तर अंडी घेवन ये, तो उबवन दितलो. नाव ठेवूक येव नको." आणि चालू लागली. नवरा तिच्यामागून डालगं सावरत चालला होता, त्याचे कान लाल झाले होते.

आईचा उंबरा मी ओलांडला तेव्हा बाबा आतून आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसतंच "इलंस?" म्हणाले. आईला बोलत राहायला काहीतरी हवं होतं, म्हणून ती पाणी, चटई, चहा यावर एकाच वेळी ओरडत होती.

उन्हं कलली तेव्हा कोंबड्यांना खुराडं दाखवायचं काम होतं. म्हातारी ओळखीने सरळ आत गेली. तलंगा मात्र बावरून अंगणभर पळायला लागल्या. आई एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने, दोघंही वाकून, हात पसरून त्यांना वळवत होते. "हंयसून ये," ती ओरडायची, "तुमी थंयच रवा, हलू नकात!" आणि तो हलायचाच. तलंग त्याच्या पायांमधून सटकली, तो मातीत बसला आणि आई कमरेवर हात ठेवून हसायला लागली. बाबा दारात उभे राहून बघत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चूल पेटवायची वेळ झाली होती, पण थोडा वेळ कोणी आत गेलं नाही.